भोक पाडायच्या आधी हे वाच

प्रिय मनू,

काल रात्री गॅरेजमधल्या तुझ्या सुतारकामाच्या धूळ ओढायच्या मशीनबद्दलचा मेसेज बघितला, "बाबा, फिल्टरची पिशवी काढून टाकतेय, पाईप थेट भिंतीतून बाहेर, संपला विषय". फोनच करणार होतो पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे, म्हणून लिहितोय. आधीच सांगतो, आयडिया चुकीची नाहीये. मी स्वतः हेच केलंय, फक्त करताना दोनदा आपटलोय आणि त्यातलं एक आपटणं तुझ्या आईला अजून माहीत नाही.

पिशवीला वैतागलीस ते बरोबरच आहे. त्या साध्या पिशवीवर ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असं छापलेलं असतं, म्हणजे त्याहून बारीक धूळ कापडातून आरपार जाऊन परत तुझ्याच तोंडासमोर येते, आणि छातीत खोल जाऊन बसते ती धूळ १० मायक्रॉनच्या खालची. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज कर. मजा अशी की पिशवी नवी असताना जास्त गळते, आतून भुशाचा थर चढला की जरा बरं गाळते पण मग ओढ कमी होते, मग आपण ती झटकतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे हिने कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे असा गट, मुख्यतः नाकाचा आणि सायनसचा. त्यामुळे ती धूळ घराबाहेर गेली तर मला आनंदच आहे.

आता माझा प्रश्न एकच. तू हवा बाहेर टाकतेयस, ठीक, पण आत कुठून येणार?

हिशोब करून बघ. तुझं गॅरेज साधारण २० बाय २०, उंची ९ फूट, म्हणजे ३६०० घनफूट हवा. ब्लोअर, म्हणजे मशीनचा ओढणारा पंखा, खरोखर ८०० सीएफएम (मिनिटाला ८०० घनफूट) ओढत असेल तर साडेचार मिनिटांत अख्ख्या गॅरेजभर हवा बाहेर गेलेली असते. पिशवी होती तेव्हा तीच हवा आतल्या आत फिरत होती म्हणून काही कळत नव्हतं. आता तेवढीच हवा कुठून ना कुठून तरी आत येणारच, आणि शटर खाली, खिडकी बंद असेल तर ती घरात जायच्या दाराखालच्या फटीतून येईल, म्हणजे घरातली हवा ओढली जाईल, आणि घराला हवा पुरली नाही की ती जिथून बाहेर जायची तिथूनच उलटी आत येते.

तुझा गॅस गिझर त्याच भिंतीच्या पलीकडे आहे ना? मनू, हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. गिझरचा जळका वायू धुराड्यातून वर जातो तो निव्वळ गरम असतो म्हणून, त्याला ढकलायला मागे कोणी नसतं, आणि तुझ्या ब्लोअरच्या ओढीपुढे ते बळ काहीच नाही. मग तो वायू खाली फिरतो, घरात पसरतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो आणि त्याला ना वास ना रंग. मी पहिल्यांदा ब्लोअर बाहेर काढला त्या दिवशी घरात जायचं दार मला दोन हातांनी ओढावं लागलं, इतकी आत ओढ होती, आणि मी शहाणा, बिजागऱ्यांना तेल घातलं! दोन दिवसांनी डोकं जड झालं, म्हणून सहज उदबत्ती घेऊन गिझरच्या धुराड्याखाली धरली तर धूर वर जायच्या ऐवजी माझ्या तोंडावर. ते अजून डोळ्यासमोर आहे. (हेच ते आईला न सांगितलेलं.)

तर तूही तेच कर. घराच्या खिडक्या-दारं बंद, घरातले एक्झॉस्ट फॅन चालू, ब्लोअर चालू, मग गिझर पेटव, दोन-चार मिनिटं जाऊ दे आणि धूर कुठे जातो बघ. खाली आला तर लगेच सगळं बंद कर आणि खिडक्या उघड. वर गेला तरी ब्लोअर चालू असताना गिझर बंद ठेवायची सवय लाव, कारण वारा रोज सारखा नसतो. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहिजेच. ब्लोअर चालू करायच्या आधी गॅरेजची खिडकी पूर्ण उघड, शक्यतो मशीनच्या समोरच्या भिंतीतली, म्हणजे ताजी हवा तुझ्यावरून जाऊन मशीनकडे जाईल, आणि घराच्या दाराला खालून रबराची पट्टी मार. थंडीत ही खिडकी जिवावर येईल, हीटरची सगळी ऊब बाहेर जाते. त्याला इलाज नाही, जाड स्वेटर घाल.

दुसरं आपटणं तसं गमतीशीर होतं. मी सायक्लोन (हवा गरगर फिरवून जड भुसा खाली पाडणारा डबा) न लावता पाईप सरळ बाहेर काढला होता, प्लेनरवर, म्हणजे फळी रंधायच्या मशीनवर, सागाची एक फळी घातली, आणि बाहेर येऊन बघतो तर शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर रंध्याचा कीस, ओल्या कापडाला चिकटलेला, एकेक काढावा लागेल असा. मी काढला, संध्याकाळपर्यंत. म्हणून आधी सायक्लोन, कीस आणि जाडा भुसा खाली ड्रममध्ये पडू दे, बाहेर जायची ती फक्त बारीक धूळ. तीही एमडीएफची असेल तर कोणाच्या खिडकीसमोर किंवा एसीच्या तोंडाशी सोडू नकोस, त्यात फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनाचा गोंद असतो. आवाजही तिकडेच जातो हे लक्षात ठेव. पाईपचं तोंड खाली वळव म्हणजे पाऊस आत येणार नाही, पक्ष्यांसाठी जाळी लाव पण मोठ्या भोकांची, बारीक जाळी एका दिवसात भुशाने गच्च होते. ब्लोअर बंद असताना मिटेल अशी झडप मिळाली तर अजून छान.

पाईप ४ इंची नको. ४ इंचीतून साधारण साडेतीनशे सीएफएम जातं, ६ इंचीतून पावणेआठशेच्या आसपास, आणि एल्बो, म्हणजे पाईपची वळणं, जेवढे कमी तेवढं बरं.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. पिशवी काढली की मोटरवरचा भार वाढतो, कमी होत नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर हात ठेवलास की आवाज चढतो बघ, तेव्हा हवा अडते आणि मोटर मोकळी पळते. तुझं उलट होणार, अडथळा गेला, हवा जास्त, करंट जास्त. क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजायचं) लावून मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरशी ताडून बघ, जास्त दिसला तर पाईपचा गेट (हवा अडवायची झडप) थोडा मिटून ठेव.

आणि मास्क सुटला असं समजू नकोस, सँडिंग करताना लावायचाच.

भिंतीचा बाहेरून फोटो पाठव, शेजाऱ्यांची खिडकी त्यात दिसेल असा, आणि गिझरचं धुराडं छतातून जातं की भिंतीतून तेही बघून कळव. तोवर ड्रिल कपाटातच ठेव.

तुझा,
बाबा