सात पायऱ्यांसाठी बेचाळीस फूट

बर्कली, कॅलिफोर्निया
फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आईनं पाठवलेली आमसुलं आणि कुळथाचं पीठ पोचलं. पिठी कालच केली, दोन दिवस पुरवली. मोहोर कसा धरलाय ते आईनं फोनवर सांगितलं. हे पत्र तुषारच्या कॉलेजबद्दल आहे. फोनवर तुम्ही "बघू गो बाय" म्हणता आणि विषय तिथंच संपतो, म्हणून लिहून पाठवते आहे.

त्याचं अभ्यासात मन नाही म्हणून तो घरी बसलाय, असं आपण सगळ्यांनी धरून टाकलं. मीसुद्धा. गेल्या रविवारी तो माझ्याशी दीड तास बोलला आणि एक गोष्ट घरी सांगू नकोस म्हणाला. त्याचा शब्द मोडून ती तुम्हाला सांगते आहे. कॉलेजला जायचं असेल त्या दिवशी तो सकाळपासून पाणी पीत नव्हता. तिथल्या संडासाचं दार जेमतेम दोन फुटांचं, त्यातून त्याची चाकांची खुर्ची आत जात नाही. म्हणून घरी येईपर्यंत, चार-चार वाजेपर्यंत, तोंड कोरडं. कण्याची दुखापत झालेल्या माणसानं भरपूर पाणी प्यायला हवं, लघवीच्या वेळा सांभाळायला हव्यात, नाहीतर जंतुसंसर्ग होतो आणि तो मूत्रपिंडावर जातो, हे डॉक्टरांनी घरी सोडताना आपल्याला बजावलं होतं. ऑगस्टमध्ये त्याला चार दिवस ताप होता. पावसाचा ताप म्हणून आपण काढा दिला. तो ताप कशाचा असेल, हा विचार आठवडाभर माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण अर्धी. प्रवेश घेताना आपण पायऱ्यांचं विचारलं तेव्हा ऑफिसात म्हणाले, "चार पोरं हायत की, उचलतील." पोरांनी उचललंही. पाऊस असो, परीक्षा असो, त्या चौघांनी कधी नाही म्हटलं नाही, आणि त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण जुलैत त्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं, एकाचा पाय सरकला आणि तुषार खुर्चीसकट खाली आला. आपल्याला त्याचं सोललेलं कोपर दिसलं. पायांना जाणीव नसल्यामुळे घोट्याची जखम त्याला स्वतःलाच तीन दिवसांनी, मोजा काढल्यावर कळली. त्याच्याबरोबर माझा पोरगाही पडला असता, असं त्या मुलांपैकी एकाची आई आपल्या आईला म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. त्या दिवसापासून तुषारनं कॉलेजचं नाव काढलेलं नाही.

माणसं उचलून नेतात तेव्हा माणूस पोचतो, पण त्याची वेळ त्याची राहत नाही. तास संपला तरी चौघं जमेपर्यंत बसून राहायचं. लायब्ररीत जावंसं वाटलं तर कुणाचा तरी डबा अर्धा सोडवायचा. आणि कधी वर आग लागली, वीज गेली, भूकंप झाला, तर ती चार पोरं त्या क्षणी कुठं असतील?

हा शेवटचा प्रश्न मला इथं आल्यावर सुचला. बर्कली आपल्या गावासारखंच उतारावर वसलंय. पश्चिमेला खाडी, पूर्वेला डोंगर, आणि विद्यापीठ त्या चढावर. डोंगराच्या पायथ्यातून जमिनीतली मोठी भेग जाते, म्हणून भूकंपाची धास्ती कायम. मागच्या महिन्यात आमच्या इमारतीत आगीची रंगीत तालीम झाली. भोंगा वाजला आणि त्याबरोबर भिंतीवरचे पांढरे दिवे लखलखायला लागले. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ते दिवे असतात. आगीत लिफ्ट वापरायची नसते. मग तिसऱ्या मजल्यावरची, खुर्चीवरून येणारी माझ्या वर्गातली मुलगी काय करणार, म्हणून मी थबकले. ती शांतपणे जिन्याजवळच्या ठरलेल्या जागी जाऊन थांबली. तिला कुठून उतरवायचं, कुणी उतरवायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं होतं. पायऱ्यांवरून घसरत उतरणारी एक खास खुर्ची असते, तीत तिला बसवलं आणि शिकवून तयार केलेल्या दोघांनी खाली आणलं. मला चिपळूणची आत्या आठवली. 2021 च्या जुलैत पाणी चढलं तेव्हा तिला माळ्यावर कसं घ्यायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून ठरवावं लागलं.

हे इथंही आपोआप झालेलं नाही. एड रॉबर्ट्स नावाचा मुलगा 1962 साली या विद्यापीठात आला. चौदाव्या वर्षी पोलिओ झालेला, मानेखाली जवळजवळ काही हलत नव्हतं, झोपायला श्वासाचं भलंमोठं लोखंडी यंत्र लागायचं. वसतिगृहात ते यंत्र ठेवता येईना, म्हणून आवारातल्या दवाखान्यात त्याची राहायची सोय केली. त्याच्या मागून आणखी मुलं आली. फुटपाथच्या कडा उतरत्या करा म्हणून ती भांडली, 1972 मध्ये त्यांनी अपंगांना स्वतंत्रपणे जगता यावं म्हणून स्वतःचं केंद्र काढलं. ज्या सरकारी खात्यानं आधी 'याला नोकरी जमणार नाही' म्हणून मदत नाकारली होती, त्याच खात्याचा रॉबर्ट्स पुढे प्रमुख झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी अपंगांना डावलू नये, असं सांगणाऱ्या 1973 च्या कायद्याचे नियम सरकार चार वर्षं काढेना, तेव्हा 1977 च्या एप्रिलमध्ये शंभरावर अपंग माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत शिरली आणि साडेतीन आठवड्यांच्या आसपास तिथंच राहिली. ब्लॅक पँथर या इथल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची माणसं त्यांना रोज जेवण आणून द्यायची. आपल्याकडच्या दलित पँथरनं ज्यांच्यावरून नाव घेतलं, तीच ही माणसं. हे वाचलं तेव्हा मला तुमच्या कोंढाळकर-गल्लीतल्या जुन्या मित्रांच्या गप्पा आठवल्या.

आपल्याकडेही कायदा आहे, बाबा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा, 2016 चा. सरकारी किंवा अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणाच्या संस्थेत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि शिक्षणसंस्थेनं इमारत आणि आवार वापरता येण्यासारखं करायचं आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सरकारला सांगितलं की हे नियम नुसत्या सूचना म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. म्हणून प्राचार्यांकडे जाल तेव्हा हात जोडून जाऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मजकूर मी आणि तुषारनं मिळून केलाय, तो त्याच्या सहीनंच जाईल. उत्तर आलं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आता तुमच्या गवंडीकामाचं. तुषारनं व्हिडिओवर पायऱ्या दाखवल्या. सात आहेत, प्रत्येकी अर्धा फूट, म्हणजे बेचाळीस इंच. रॅम्पचा, म्हणजे खुर्चीसाठीच्या उताराचा, इथला नियम एकास बारा. एक इंच चढायला बारा इंच लांबी. म्हणजे रॅम्प बेचाळीस फुटांचा. एका दमात तीस इंचांहून जास्त चढवायचा नाही, तेव्हा एकवीस-एकवीस फुटांचे दोन टप्पे, मध्ये वळायला ऐसपैस सपाट जागा. खाली आणि वरही पाच-पाच फूट सपाट, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागं घरंगळते. रुंदी चार फूट धरा. दोन्ही बाजूंना कठडा, कमरेच्या किंचित खाली, आणि चाक घसरू नये म्हणून कडेला चार इंचांची उंच किनार. जांभा उघडा ठेवू नका, पहिल्याच पावसात शेवाळ धरेल. कोबा करून आडव्या रेघा मारा, गुळगुळीत लादी नकोच. पाणी कुठून काढायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. संडासाचं दार खुर्ची जाऊन वर हात मोकळे राहतील एवढं, पावणेतीन फूट तरी हवं, आणि बाहेर उघडणारं. काम मिरगाच्या आधी व्हायला हवं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण तुमचा स्वभाव मला माहीत आहे. "मी फुकट बांधून देतो" असं तिथं म्हणू नका. तुम्ही म्हणाल, पोरासाठी बाप एवढंही करणार नाही काय. पण ते बापानं केलं तर तो रॅम्प तुषारवरचा उपकार होईल, त्या चौघांच्या उचलण्यासारखाच. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावातली एखादी मुलगी कुबड्या घेऊन आली आणि तिचा बाप गवंडी नसला, तर? कॉलेजनं पैसे मंजूर करावेत, गवंडी म्हणून तुम्हाला बोलवावं, आणि तुमची पूर्ण मजुरी द्यावी.

आणखी एक लिहू का? राग मानू नका. अपघातानंतर आठ दिवसांत तुम्ही खळ्यातून पडवीवर उतार घातलात. दिवसा दुसऱ्यांची कामं करून, रात्री दिवा लावून. ते मला कायम आठवतं. पण तो उतार दीड फूट चढतो आणि पाच फुटांत संपतो. तुषार त्यावरून एकटा कधी चढलेला मी पाहिला नाही. मागून तुमचे हात असतातच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यालाही अठरा फूट हवेत. आजीचे गुडघे बघता तीही तिथूनच येईल-जाईल.

घरचा उतार आधी करा. तो एकटा अंगणात येऊ-जाऊ लागला की कॉलेजचा अर्ज तो स्वतः नेऊन देईल, असं मला वाटतं. खळ्यात तुळशीपासून पडवीच्या कडेपर्यंत किती फूट भरतात ते मोजून ठेवा. सरळ बसत नसेल तर पोफळीच्या बाजूनं वळवता येईल का, ते तुषारला खुर्चीत बसवून त्याच्याच नजरेनं बघा. रविवारी सकाळी आठला फोन करते. टेप जवळ ठेवा.

आईला आणि आजीला नमस्कार. तुषारला सांगा, त्याची गोष्ट मी फोडली म्हणून त्यानं माझ्याशी खुशाल भांडावं.

तुमची,
बाय