बर्फपेटीची भिंत उघडायला लावणाऱ्या मामांस

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

गेल्या वैशाखात नाथसागरावर जाताना नावेतली बर्फपेटी पहाटे काठोकाठ भरली, तरी दुपार कलेपर्यंत तळाशी नुसते पाणी उरत असे आणि पैठणच्या काठाला लागेतो रोहू-कटल्याचे कल्ले तपकिरी पडत. व्यापारी भाव पाडून मागत आणि आम्ही रोज बर्फाची एकेक लादी वाढवत होतो. आपण छत्रपती संभाजीनगरहून स्वखर्चाने आलात आणि पेटीत हात घालून म्हणालात, "बर्फ वाढवू नका, आधी भिंत उघडा."

आतले फायबर कापल्यावर निघालेला थर्माकोलचा तुकडा आपण माझ्या हातात ठेवलात. तो विटेसारखा जड लागला आणि दाबताच बोटांमधून माशांच्या वासाचे काळपट पाणी ओघळले. थर्माकोल थंडावा राखतो तो त्यात कोंडलेल्या हवेच्या जोरावर. पाण्यातून मात्र उष्णता त्याच्या पंधरापटीहून अधिक सहज वाहते, हे त्या तुकड्याने मला जितके पटले तितके नुसत्या सांगण्याने पटले नसते.

पाठकोऱ्या कागदावर आपण मांडलेला हिशेब मी जपून ठेवला आहे. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. सगळ्या भिंती मिळून ३ चौरस मीटरची पेटी आणि आत-बाहेर ३५ अंशांचा फरक धरला, तर दोन इंची थर्माकोल कोरडा असतानाही केवळ भिंतींतून दिवसाला सुमारे १९ किलो बर्फ खातो, तर चार इंची पफ (पॉलियुरेथेनचा फोम) सुमारे ७ किलो. पेटीची जागा कमी होईल म्हणून मी कुरकुरलो होतो, पण आपण चार इंचांवर ठाम राहिलात आणि हवेतला दमट अंश पुन्हा भिंतीत मुरू नये म्हणून पफच्या बाहेरच्या अंगाला प्लास्टिकचा अखंड पडदा लावलात, याबद्दल मी विशेष ऋणी आहे. तळाच्या नळीला वेढा दिल्यामुळे त्यात पाणी साचून राहते आणि जड थंड हवा तिथून निसटत नाही.

आपण मजुरी घेतली नाहीत. झाकण घट्ट बसते का हे पाहायला त्यात कागदाची पट्टी धरून ओढण्याची आपली रीत मात्र मी दर पंधरवड्याला पाळतो. मागच्या आठवड्यात बिजागरीच्या कोपऱ्यात पट्टी सैल निघाली, तेव्हा तिथले रबर त्याच संध्याकाळी बदलले.

आपला ऋणी,
नाथसागरावरील एक मासेमार