"समजलं का?" न विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. निकालाच्या दिवशी तुमच्याशी बोलायचं होतं, पण शब्द फुटेना. म्हणून हे पत्र. तेही उघड लिहिते आहे, कारण आमच्यासारखे आईबाप आणखी आहेत.

तुमच्याकडे येण्याआधी कमी ऐकू येणाऱ्या माझ्या लेकीची तीन वर्षं एका शब्दावर निघाली. "समजलं का?" "हो." मान हलवली की मोठी माणसं पुढे जातात, हे तिला पाढ्यांच्याही आधी कळलं होतं. प्रगतिपुस्तकात दरवर्षी तोच शेरा यायचा, 'वर्गात लक्ष नसते.' भेटायला गेलो की ऐकवायचे, "मशीन आहे ना कानात? मग येतंच की ऐकू!" जणू चष्माच चढवलाय.

मशीन आवाज मोठा करतं. शब्द स्पष्ट होईलच असं नाही, कारण बाक सरकवल्याचा आणि मागच्या कुजबुजीचा आवाजही सोबत वाढतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. फळ्याकडे तोंड करून बोललेल्या वाक्यातलं तिसऱ्या बाकावर काय उरत असेल? मग राहिले ओठ. ओठांवर 'पान', 'बाण' आणि 'मान' सारखेच दिसतात. 'क' आणि 'ग' तर घशातच होतात, दिसायचे कुठून! दिवसभर अशी अंदाजांची कोडी सोडवून ती घरी यायची, मशीन काढून ठेवायची आणि दप्तरासकट झोपायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो. हो, आम्हीसुद्धा.

तुम्ही पहिल्याच आठवड्यात "समजलं का?" सोडून "काय समजलं ते सांग" म्हणायला लागलात, आणि तेही अख्ख्या वर्गाला. तिला एकटीला विचारलं असतंत तर पोर आणखी मिटली असती.

श्रुतलेखनाचं तर सांगायलाच हवं. आधी बाकांमधून फिरत शब्द सांगितले जायचे आणि तिची वही कोरी राहायची. तुम्ही एका जागी उभ्या राहिलात. खिडकीकडे पाठ केली की तुमचा चेहरा अंधारात जातो, हे तिलाच विचारून शोधलंत आणि जागा बदललीत. नुसतं 'पान' न म्हणता 'झाडाचं पान गळलं' म्हणालात. झाड आलं की बाण आणि मान आपोआप बाद! त्या दिवशी १० पैकी ७ आले. पण मला त्याहून मोठं वाटलं ते पुढच्या आठवड्यातलं. भर वर्गात हात वर करून ती म्हणाली, "नाही कळलं."

खुणांच्या भाषेबद्दलही तुमची ऋणी आहे. "खुणा शिकवल्या तर ती बोलायची नाही," असं आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही ते मुकाट मानलं होतं. १८८० साली मिलानच्या परिषदेत कर्णबधिरांच्या शिक्षणात खुणांपेक्षा बोलणंच श्रेष्ठ, असा ठराव झाला. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने तो नाकारला. मधली १३० वर्षं गेली ती अशाच मुलांची. तुम्ही तिलाच रोज एक खूण वर्गाला शिकवायला लावलीत. आता परीक्षेत पोरं खुणांनी उत्तरं सांगतात, ही तक्रारही तुमचीच!

शेवटी एक चोरी कबूल करते. तुमच्या गळ्यातला माइक तिच्या मशीनला जोडलेला, तुमचा आवाज थेट तिच्या कानात जातो. तो एकदा तुम्ही चालूच ठेवून शेजारच्या खोलीत गेलात. वर्गात बसून तिने सगळं ऐकलं. कुणीतरी म्हणालं, "ती मुद्दाम करते." तुम्ही म्हणालात, "नाही हो, आपण नीट सांगत नाही." घरी येऊन तिने ते वाक्य मला तीनदा म्हणून दाखवलं, तुमच्याच आवाजात.

पुढच्या वर्षीच्या बाईंना माइक बंद करायची आठवण तेवढी करा. किंवा राहू द्या, नका करू.

तुमची,
तिची आई