खळ्यावरची लोकर आणि औंढ्याचा बोगदा

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

बाबा, तुम्ही पाठवलेला मजकूर दोनदा वाचला. नासाच्या संगणकाने ग्रहांचं मागच्या काळातलं गणित करताना एक दिवस कमी पडला, तेवीस तास वीस मिनिटं यहोशवाच्या दहाव्या अध्यायात, सूर्य थांबला तिथे, सापडली आणि उरलेली चाळीस मिनिटं हिज्कीया राजाच्या सावलीत. रविवारी उपासनेनंतर हे मंडळीत वाचून दाखवायचं म्हणता. माझी हात जोडून विनंती आहे, वाचू नका. तुमचा विश्वास खरा आहे, पण हा टेकू कुजका आहे.

नासा 1958 साली स्थापन झाली. हीच गोष्ट, हेच तास-मिनिटांचे आकडे, 1936 साली अमेरिकेत छापलेल्या एका पुस्तकात आहेत, म्हणजे संगणकाचं नाव मागाहून चिकटवलं. असं काही झालंच नाही, हे नासानेही सांगून झालं आहे. त्याहून मोठी अडचण गणिताची आहे. आजच्या ग्रहस्थितीवरून समीकरणं मागे चालवली की ती अखंड मागे जातात, मध्ये भोक पडत नाही. हरवलेला दिवस शोधायचा तर त्याच्या आधीच्या काळातली, कुणीतरी स्वतंत्रपणे लिहून ठेवलेली नोंद हवी. तशा नोंदी खरोखर आहेत. बाबिलोनच्या लोकांनी मातीच्या विटांवर ग्रहणं लिहून ठेवली, त्यांतली कामाची सगळ्यात जुनी इसवी सनापूर्वी 720 च्या सुमाराची. त्यांच्यावरून पृथ्वीचा दिवस दर शतकाला सुमारे 1.8 मिलिसेकंदांनी लांबतो हे कळलं. यहोशवाचा काळ त्याच्याही कितीतरी मागे, म्हणून त्या दिवसाबद्दल आकाशाचं गणित काहीच बोलू शकत नाही. आणि चाळीस मिनिटांचं म्हणाल तर 2 राजे 20 मध्ये सावली दहा ‘अंश’ मागे गेली असं आपण वाचतो, पण मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ पायऱ्या. एका पायरीला किती वेळ, हे शास्त्रात कुठेच दिलेलं नाही. दहा अंश म्हणजे चाळीस मिनिटं, हा हिशेब कुणीतरी घरी बसून केलेला आहे.

तुमचा खरा प्रश्न मात्र त्या मजकुराहून मोठा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. विज्ञान तपासून सांगतं आणि आपण म्हणतो देवाने प्रकट केलं, मग दोन्हींना ‘ज्ञान’ कसं म्हणायचं?

विज्ञानात विचारणारा माणूस असतो आणि समोरची वस्तू मुकी. तिला बोलतं करायला आपणच प्रश्न रचतो. ब्रनो शहरातल्या मठातला संन्यासी मेंडेल याने वाटाण्याला विचारलं तसं. गोल दाण्याचं आणि सुरकुतलेल्या दाण्याचं झाड त्याने एकत्र केलं. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. ती झाडं त्याने आपल्या आपल्यात फळू दिली आणि पुढच्या पिढीचे दाणे मोजले : 5,474 गोल, 1,850 सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. 1866 साली त्याने हे छापलं. आपल्या जालन्यात बियाण्याच्या पिशव्यांचा एवढा व्यापार चालतो, त्याचं मूळ या मोजणीत आहे. संकरित पिकाचं घरचं बी दुसऱ्या वर्षी पेरलं की रान एकसारखं येत नाही, कुठे उंच, कुठे खुजं, ते याच कारणाने. पहिल्या पिढीत झाकलेले गुण दुसरीत फुटून वेगळे होतात. मेंडेलवर कुणी नुसता विश्वास ठेवायची गरज नाही, वाटाणे पेरून कुणीही मोजावेत.

प्रकटीकरणात गाडी उलट्या बाजूने निघते. तिथे समोर मुकी वस्तू नाही, बोलणारी व्यक्ती आहे, आणि पहिलं पाऊल तिचं आहे. आई, तुझी साखर रक्त तपासून कळते, वजन काट्यावर कळतं. पण तू कुणाला मनापासून क्षमा केलीस की नाही, हे तू सांगितल्याशिवाय कुठल्या काट्यावर कळेल? पौल 1 करिंथ 2:11 मध्ये हाच मुद्दा मांडतो : माणसाच्या मनातलं त्याच्या आत्म्याशिवाय कुणाला कळत नाही, तसंच देवाचं. म्हणून ख्रिस्ती शिकवणीत सामान्य प्रकटीकरण आणि विशेष प्रकटीकरण असे दोन भाग करतात. सृष्टीतून दिसतं ते सामान्य. इस्राएलाच्या इतिहासातून, संदेष्ट्यांतून आणि शेवटी ख्रिस्तातून आलं ते विशेष.

एकोणिसावं स्तोत्र तुम्हाला दोघांना पाठ आहे. या वेळी हळू वाचा. पहिल्या सहा ओव्या आकाश आणि सूर्याच्या. त्यांत ‘देव’ हा शब्द एकदाच येतो, तोही साधा, सगळ्यांना ठाऊक असलेला. सातव्या ओवीपासून नियमशास्त्र सुरू होतं आणि तिथून शेवटापर्यंत ‘परमेश्वर’ हे त्याचं स्वतःचं नाव सात वेळा येतं. आकाशाकडे कितीही बघितलं तरी कर्ता आहे एवढंच कळतं. त्याचं नाव त्याने सांगितल्यावरच कळतं. मला हे स्तोत्र या विषयावरच्या जाड ग्रंथांपेक्षा जास्त शिकवतं.

पण देव बोलला असं कुणी म्हटलं की मान डोलवायची, असं शास्त्र कुठेही सांगत नाही. गिदोनाची गोष्ट घ्या, शास्ते 6. देव खरंच आपल्याशी बोलला का, याची खूण म्हणून त्याने खळ्यावर लोकर ठेवली आणि मागितलं की दहिवर, म्हणजे दंव, फक्त लोकरीवर पडावं, जमीन कोरडी राहावी. सकाळी लोकर पिळली तर वाटीभर पाणी निघालं. कुणीही एवढ्यावर थांबला असता. गिदोन थांबला नाही, आणि त्याला कारण होतं. लोकर हवेतला ओलावा आपोआप ओढते, हाताला ओली न लागता स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी ती धरू शकते. धोपटून घट्ट केलेलं खळं लवकर वाळतं. म्हणजे पहिल्या रात्रीचं उत्तर निसर्गानेही दिलं असतं. दुसऱ्या रात्री त्याने अट उलटवली : लोकर कोरडी, जमीन ओली. हे लोकरीच्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. प्रयोगशाळेत आजही पहिला प्रश्न हाच असतो, की माझी अपेक्षा खरी नसती तरी हेच उत्तर आलं असतं का?

तरीही याला विज्ञानाचा प्रयोग म्हणू नये. एकच लोकर, दोनच रात्री, पाहणारा एकटा. उद्या मी खळ्यावर लोकर टाकून देवाला बांधून घेऊ शकत नाही. गिदोन स्वतःच म्हणतो, तुझा कोप माझ्यावर भडकू नये. आणि प्रभू येशूने मंदिराच्या शिखरावर सैतानाला ठणकावून सांगितलं की देवाची परीक्षा पाहू नको. यंत्राला बटण दाबून विचारता येतं. व्यक्ती कधी बोलेल ते तिच्या इच्छेवर असतं. म्हणून प्रकटीकरण पुन्हा पुन्हा घडवून बघता येत नाही. जे बोललं गेलं ते मात्र पारखता येतं.

ती पारख कशी करायची, तेही लिहिलेलं आहे. अनुवाद 18:22 : परमेश्वराच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही, तर तो शब्द परमेश्वराचा नाही. अनुवाद 13 त्याहून कडक आहे : चिन्ह खरं ठरलं, पण सांगणारा दुसऱ्या देवांकडे वळवत असेल, तर ऐकू नका. म्हणजे भाकीत खरं ठरणं गरजेचं आहे, पुरेसं नाही. यिर्मया 28 मध्ये हनन्या संदेष्टा सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं, म्हणजे बाबिलोनच्या सत्तेचं, जू मोडेल. यिर्मया आधी ‘आमेन’ म्हणतो, कारण त्यालाही तेच हवं होतं. मग म्हणतो, शांतीचं सांगणारा संदेष्टा त्याचं वचन पुरं झाल्यावरच ओळखला जातो. हनन्या त्याच वर्षी वारला, आणि जू मोडलं नाही. प्रकटीकरणात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते : आपल्या मनाला जे हवं तेच देवाच्या तोंडी घातलं जातं. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो, ‘सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा.’ बिरुयाचे लोक तर पौलाचंच बोलणं रोज शास्त्रावर घासून बघत होते, आणि लूक त्याबद्दल त्यांची स्तुती करतो.

हीच पारख शास्त्राच्या हस्तलिखितांवरही झाली. मार्काचा सोळावा अध्याय आपण विसाव्या ओवीपर्यंत वाचतो, पण चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत तो आठव्या ओवीलाच संपतो. हे शोधून उघडपणे छापणारे बहुतेक विद्वान स्वतः ख्रिस्ती होते. त्यात मला भीती वाटण्यासारखं काही दिसत नाही.

आता विज्ञान स्वतःला कसं पारखतं, याचं उदाहरण आपल्या मराठवाड्याच्या दारात येतं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने 2023 साली 2,600 कोटी रुपयांना मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर, आत निर्वात बोगदा, त्यातून लेसर. गुरुत्वीय लाट, म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणारा तरंग, आली की एक भुजा किंचित ताणते, दुसरी आखडते, आणि हा फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाइतका. एवढ्या सूक्ष्म मापात लांबून जाणारा ट्रकसुद्धा लाट वाटू शकतो. म्हणून दुसरं यंत्र हवं. अमेरिकेतली दोन यंत्रं एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर आहेत. 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लाट दोन्हींत सापडली, सात मिलिसेकंदांच्या अंतराने. प्रकाशाला तेवढं अंतर कापायला दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे हिशेब बसतो. दोनच यंत्रांवरून लाट कुठून आली ते आकाशात एका मोठ्या पट्ट्याएवढंच सांगता येतं. औंढ्याच्या यंत्राने ती जागा नेमकी होईल.

त्याआधीची एक गोष्ट मला फार आवडते. सप्टेंबर 2010 मध्ये दोन्ही यंत्रांत सुंदर, स्पष्ट खूण उमटली. शेकडो लोकांनी महिनोन्महिने ती तपासली, शोधनिबंधही लिहून तयार केला. मार्च 2011 मध्ये सगळ्यांसमोर पाकीट उघडलं : ती खूण त्यांच्यातल्याच नेमलेल्या काही जणांनी गुपचूप आत घातलेली होती. आपण खरं शोधतो की हवं ते पाहतो, हे तपासायला. शास्त्रज्ञाचंही मन हनन्यासारखंच असतं, फरक एवढाच की त्यांनी त्यावर आधीच कुलूप बसवून ठेवलं.

बाबा, विश्वाचा जन्म एका ठिणगीतून झाला हे मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक पाळक होता. 1951 साली पोपनी त्या सिद्धांताला उत्पत्तीच्या वचनाचा पुरावा म्हटलं, तेव्हा ते लमेत्रलाच रुचलं नाही. विज्ञानाचं गणित नव्या मोजणीने बदलू शकतं, आणि उत्पत्ती 1:1 ला त्यावर टांगलं तर गणितासोबत तेही पडतं. तुमच्या मजकुरात हेच चाललं आहे. नासाच्या नावावर खपवलेली ही लबाडी लोकांना कळली की ते यहोशवालाही लबाड ठरवतील, आणि ते पाप आपल्या माथी येईल.

त्या मजकुराच्या जागी रविवारी लूक 13 वाचा. 30 सप्टेंबर जवळ आला आहे, आणि तुमच्या मंडळीत किल्लारीकडची दोन घरं आहेत. 1993 च्या भूकंपाच्या त्या पहाटे हजारो माणसं का मेली, याचं उत्तर भूगर्भात आणि भिंतीत आहे. धक्का उथळ होता. माळवदाची घरं, वर मातीचा जड थर, दोन-दोन फूट जाड दगड-मातीच्या भिंती. आतला आणि बाहेरचा थर बांधणारे लांब जोडदगड नव्हते, म्हणून भिंती मधोमध फुटून दोन बाजूंना कोसळल्या. हे मोजता येतं आणि पुढच्या घरात सुधारता येतं. पण ते पापी होते म्हणून मेले, असं त्या काळी लोक बोलले, अजूनही बोलतात. याला कुठलंही भूकंपमापक यंत्र उत्तर देणार नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा प्रभूला हेच विचारण्यासारखं होतं. त्याने आपणहून तो विषय काढला आणि सांगितलं : ते इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते.

त्या दोन घरांतल्या आजींना पुढच्या बाकावर बसवा. आई, तू त्यांच्याजवळ बस.

तुमची लेक