विषय: सारंगखेड्याहून बारामती तालुक्यात आणलेल्या गाभण घोडीचे तुमच्या गाडीत झालेले हाल

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,

काल दुपारी तुमच्या कार्यालयाशी माझा सहावा फोन झाला. "सर, तुमची तक्रार आमच्याकडे क्लोज झालेली दिसतेय," असं सांगून समोरच्या बाईंनी फोन ठेवला. मी ती बंद केलेली नाही, म्हणून आता लेखी देतोय. बुकिंग क्रमांक, पावती, गाडीचा नंबर हे सगळं तुमच्याकडे आहे. ते पुन्हा मागू नका, सहाही वेळा दिलंय.

दत्त जयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी एक काठियावाडी घोडी घेतली. कुमेद म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, कपाळावर चांदणी, नाव हरणी, सात महिने भरलेली गाभण. तापीकाठच्या त्या बाजारात मी तीन दिवस फिरलो. एकमुखी दत्ताच्या या यात्रेला तीनशे वर्षांहून जास्त काळाची परंपरा सांगतात आणि पंजाब, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशापासून घोडे येतात. तिथे सगळं चांगलं असतं असं माझं म्हणणं नाही. खाटेवर चढवून नाचवलेले घोडे मी पाहिले, कर्ण्याच्या आवाजाने अंग थरथरणारी शिंगरं पाहिली. एका घोड्याच्या तोंडातून लाल फेस येत होता. लगाम काटेरी होता. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनी काटेरी लगामाला बंदी आहे, तरी तो बाजारात दिसतो. पण त्याच बाजारात संध्याकाळी झूल घालून, तोबऱ्यात भिजवलेला हरभरा देऊन, आपण न जेवता आधी जनावराला खरारा करणारी माणसंही पाहिली. हरणी अशाच एका माणसाकडून घेतली. सौराष्ट्रातले वयस्क व्यापारी, सगळे त्यांना बापू म्हणत होते.

मला तिला टेम्पोत घालून आणायची नव्हती. म्हणूनच तुमच्याकडे आलो. बाजारात तुमचा तंबू होता. तुमच्या पत्रकावर लिहिलंय: रॅम्प, रबरी मॅट, प्रत्येक जनावरामध्ये आडवा बांबू, दर चार तासांनी पाणी आणि फोटो, सोबत प्रशिक्षित मदतनीस, पशुवैद्यकाचा दाखला, "1978 च्या प्राणी वाहतूक नियमांचे काटेकोर पालन". यासाठी मी 18,500 रुपये आगाऊ भरले. गावातली गाडी याच्या निम्म्यात आली असती.

आता काय झालं ते ऐका.

गाडी भरायला रॅम्प नव्हता. गाडी मागे घेऊन एका मातीच्या ढिगाऱ्याला लावली आणि फाळका खाली पाडला. ढिगारा आणि फाळका यांच्यात वीतभर फट होती. हरणीने ती फट पाहिली आणि थांबली. जनावर शहाणं होतं. दोघांनी मोरखी धरून ओढलं, तिसऱ्याने शेपूट पिरगाळली. ती उडी मारायला गेली आणि मागचा डावा पाय त्या फटीत गेला. पाय ओढून काढताना नडगीवरची चामडी चार बोटं सोलवटली. मी ओरडलो. तुमच्या तंबूतला माणूस म्हणाला, "गाडी आत्ता भरली नाही तर बुकिंग रद्द, पैसे परत नाहीत." तिथे मी हट्टाने घोडी खाली उतरवायला हवी होती. ती उतरवली नाही, याचं मला रोज वाईट वाटतं.

गाडीत सात जनावरं होती. गाडी 17 फुटी, आतली रुंदी 6 फूट, म्हणजे 102 चौरस फूट, साडेनऊ चौरस मीटरपेक्षा किंचित कमी. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे एका घोड्याला किमान सव्वादोन चौरस मीटर जागा लागते. चार घोडे बसतात, तुम्ही सात भरले. बांबू नव्हते. मॅट नव्हती, लोखंडी पत्र्यावर थोडं पाचट टाकलं होतं. आणि गाभण घोडीच्या शेजारी तुम्ही एक वळू घोडा बांधला. तुमच्याच फॉर्ममध्ये "जनावर गाभण आहे का" असा रकाना आहे आणि मी "होय, सात महिने" असं ठळक लिहिलं होतं. गाभण जनावर इतरांत मिसळायचं नाही, हे ज्या नियमांचं नाव तुम्ही पत्रकावर छापता त्याच नियमांत आहे.

दाखला मला घरी आल्यावर गाडीच्या कागदांत मिळाला. त्यावर लिहिलंय: "घोडा, नर, पांढरा, तंदुरुस्त, प्रवासास योग्य." माझी घोडी मादी आहे आणि कुमेद आहे. म्हणजे तिला कुणी तपासलंच नाही. ग्लँडर्ससारखा माणसालाही होणारा रोग घोड्यांत आहे, त्याची तपासणी असल्याशिवाय घोडा राज्याच्या हद्दी ओलांडू नये म्हणून इतकी धडपड चालते आणि तुम्ही दुसऱ्याच जनावराचा कागद माझ्या हातात देता. याचं उत्तर मला हवंय. चूक झाली असेल तर कुणाकडून, आणि तो पांढरा घोडा कोणत्या कागदावर गेला?

संध्याकाळी सहाला निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आमच्या वस्तीवर पोहोचली. एकोणीस तास. तुमच्याच ॲपवर दिसतंय की मनमाडच्या अलीकडे रात्री दीड ते साडेपाच गाडी एका धाब्यावर उभी होती. मार्गशीर्षातली खानदेशातली थंडी, वर ताडपत्री नाही. चालकाला मी दोष देत नाही. तो पोरगा एकटा होता, डोळे लाल झाले होते, त्याला झोपायलाच हवं होतं. त्याच्यासोबत जो मदतनीस तुम्ही पत्रकात दाखवला आणि ज्याचे पैसे माझ्याकडून घेतले, तो कुठे होता? चार-चार तासांनी येणारे फोटो एकही आला नाही. मी पहाटे तीनला फोन केला तर रेकॉर्ड केलेला आवाज लागला.

फाळका उघडला तेव्हा आमचे अण्णा पुढे झाले. त्यांचं वय 74, घरात पूर्वी घोडी असायची. काठियावाडी घोडीचे कान आत वळलेले असतात, सावध उभी राहिली की दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात. बाजारात हरणीचे तसेच होते. गाडीतून उतरली तेव्हा दोन्ही कान बाजूला पडले होते. अण्णांनी मानेवरची चामडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली, खाली बसायलाच वेळ लागला. "हिला पाणीच पाजलं नाही रे," एवढंच ते म्हणाले. बादली पुढे केली तर तिने तोंड लावलं आणि मान वरच ठेवली, कारण रात्रभर ती आखूड दोरीने वर बांधलेली होती. घोड्याला दिवसाला 25-30 लिटर पाणी लागतं. गाभणीला आणखी जास्त. तुम्ही एकोणीस तासांत एक बादली दिली नाही.

रात्री पोटशूळ उठला. ती सारखी पोटाकडे वळून बघत होती, मागचे पाय झाडत होती. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात दुखायला लागलं की ते जिवावर बेततं, हे तुमच्या धंद्यात असलेल्या माणसाला मी सांगायची गरज नसावी. डॉक्टर रात्री साडेअकराला आले, सलाईन लावलं, पहाटेपर्यंत आम्ही तिला हळूहळू फिरवत होतो. तिसऱ्या दिवशी ताप आणि नाकातून शेंबूड. डॉक्टर म्हणाले, मान तासन् तास वर बांधली की घोड्याला डोकं खाली घालून छाती मोकळी करता येत नाही, मग फुप्फुसात संसर्ग उतरतो. आतापर्यंत उपचारांचे 11,400 रुपये झालेत. शिंगराचं काय होईल ते आत्ता सांगता येत नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

आता तुमच्या चौथ्या फोनबद्दल. हे मला सविस्तर लिहायचंच आहे, कारण त्या दिवसापासून झोप लागत नाही. बोलणारे स्वतःला ग्राहक विभागाचे वरिष्ठ अधिकारी म्हणवत होते.

पहिला प्रश्न: "सर, ॲनिमल पोहोचला ना?"

म्हटलं, पोहोचली, पण धड उभं राहता येत नव्हतं.

"पण जिवंत पोहोचला ना? सिस्टिममध्ये डिलिव्हरी सक्सेसफुल दाखवतंय."

मी विचारलं, पाणी किती वेळा पाजलं? म्हणाले, "ते ड्रायव्हर बघतो." रॅम्प? "साइटवर अव्हेलेबल नव्हता." वळूच्या शेजारी गाभण घोडी का बांधली? "लोडिंग टीमला विचारावं लागेल." मी म्हटलं, विचारा, मी थांबतो. त्यावर ते हसले. खरंच हसले, मला ऐकू आलं. आणि म्हणाले, "सर, घोडा उभ्यानंच झोपतो ना? मग उभं राहून त्याला काय त्रास झाला?"

पायांचे सांधे अडकवून घोडा उभ्याने डुलकी घेतो, हे खरं. पण स्थिर जमिनीवर. ब्रेक, वळणं आणि खड्डे असलेल्या रस्त्यावर, गुळगुळीत पत्र्यावर, सोललेल्या पायाने आणि पोटातल्या पिल्लासकट तो क्षणभरही सैल सोडू शकत नाही. ती एकोणीस तास तोल सांभाळत होती. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ओके सर, डॅमेज क्लेमचा फॉर्म पाठवतो, चोवीस तासांच्या आत भरायचा असतो, तुमचा वेळ निघून गेलाय पण मी रिक्वेस्ट टाकतो."

फॉर्म आला. त्यात रकाना आहे: "वस्तूचे वेष्टन कसे होते?" दुसरा: "वस्तूचा वापर सुरू केला आहे का?" हा फॉर्म घेऊन मी गोठ्यात गेलो आणि हरणीपाशी उभा राहिलो. तिच्या पायाला पट्टी होती. मी तो फॉर्म भरलेला नाही आणि भरणारही नाही. शेवटी पुढच्या बुकिंगवर 10 टक्के सूट देऊ केलीत. ज्या गाडीने माझी घोडी मरणाच्या दारात नेली, त्या गाडीत मी पुन्हा जनावर घालेन असं तुम्हाला वाटलंच कसं?

त्याच संध्याकाळी बापूंचा फोन आला. विकून पैसे घेतलेला माणूस, त्याचा संबंध संपला होता. तरी विचारत होते, पोहोचली का, पाणी प्याली का, डाव्या कुशीवर बसते का, ती तशीच बसते. तुमच्याकडून एकदाही कुणी विचारलं नाही. सहा फोनांत एकदाही कुणी "आता कशी आहे" असं म्हटलं नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. वाहतुकीचे 18,500 आणि उपचारांचे 11,400 रुपये परत करा, पुढचा खर्च बिलांप्रमाणे द्या. गाडीच्या जीपीएसची पूर्ण नोंद, त्या रात्री पाणी कुठे पाजलं याची नोंद आणि त्या खोट्या दाखल्याचा लेखी खुलासा द्या. आणि पुढच्या यात्रेत तुमचा तंबू लागला तर आधी रॅम्प लागला पाहिजे. लोखंडी रॅम्प काही लाखांची वस्तू नाही. पाणी पाजायलाही पैसे लागत नाहीत, हे मी पुन्हा लिहितो, कारण सगळ्यात जास्त तेच लागलंय.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. गाडीत जादा जनावरं भरल्याचे फोटो परिवहन कार्यालयाला आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला देईन. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये आहे, हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत असणार आणि त्याच भरवशावर हे चालतं, असं माझं मत झालंय. पण अकलूजच्या बाजारात, आमच्या पंचक्रोशीत आणि बैलगाडा-घोडी बाळगणाऱ्या प्रत्येक घरी तुमचं पत्रक आणि हा दाखला मी शेजारी शेजारी ठेवून दाखवीन. बाजारातून मीच चार जणांना फोन करून तुमचं नाव सांगितलं होतं. त्या चौघांची मी माफी मागितली आहे.

आणखी एक. हरणी आमच्याकडे उतरली तेव्हा गाडीत तीन जनावरं उरली होती. त्यात एक अबलख घोडी आणि तिचं दोन-अडीच महिन्यांचं शिंगरू होतं. ते पत्र्यावर आडवं पडलं होतं आणि आईचे पाय त्याच्या दोन्ही बाजूंना होते. मी बादली आत सरकवली. आई प्याली. शिंगराला उठवून तिच्याखाली धरणार, तेवढ्यात चालकाला तुमच्या कार्यालयाचा फोन आला की उशीर होतोय, आणि फाळका लागला. गाडी इंदापूरच्या दिशेने गेली. ते शिंगरू कुठे उतरलं आणि उतरलं तेव्हा जिवंत होतं का, ते मला कळवा. बाकीच्या उत्तरांना पंधरा दिवस घ्या, याचं उत्तर आजच द्या.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत: पावती, दाखल्याची प्रत, डॉक्टरांची बिलं, गाडी भरतानाचे फोटो 6