२० तारखेच्या आत पोचावं म्हणून

शिकागो, १ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सप्रेम जयभीम.

शनिवारच्या युद्धविरोधी सभेवरून परवा फोनवर तुम्ही चिडलात आणि मीही तावातावाने फोन ठेवला. तेव्हापासून चैन नाही. असलं काही मला व्हॉट्सॲपवर लिहिता येत नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

"फोटो काढायचेत तर काढ, पण मोर्चेकऱ्यांत कशाला घुसतेस? व्हिसा गेला म्हणजे?" असं तुम्ही म्हणालात. काळजीपोटी म्हणालात, कळतं मला. व्हिसाचं विद्यापीठात जाऊन नीट विचारून आले. परवानगी असलेल्या जागेबाहेर पाऊल टाकणार नाही, हा शब्द. पण लांब उभं राहून नुसतं बटण दाबणं मला जमणार नाही. का, ते सांगते.

डॅनी लायन हे नाव तुम्हाला ठाऊक नसेल. इथल्याच शिकागो विद्यापीठात तो इतिहास शिकत होता. १९६२ च्या उन्हाळ्यात, विसाव्या वर्षी, कॅमेरा गळ्यात अडकवून भेटेल त्या गाडीला हात करत तो केरो नावाच्या गावी गेला. ओहायो नदी मिसिसिपीला मिळते तिथलं हे गाव. तिथला पोहण्याचा तलाव फक्त गोऱ्यांसाठी होता आणि काळी तरुण मुलं त्यासमोर निदर्शनं करत होती. एक माणूस त्यांच्या अंगावर ट्रक घेऊन आला. बाकीचे बाजूला झाले, तेरा वर्षांची एक मुलगी मात्र जागची हलली नाही. ट्रकने तिला पाडलं. त्याच निदर्शनांत बावीस वर्षांचा जॉन लुईस आणि सोबतचे दोघे गुडघे टेकून प्रार्थना करतानाचा फोटो लायनने काढला. पुढे काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने त्याचं पोस्टर केलं आणि एकेका डॉलरला विकलं. हाच लुईस नंतर तीस वर्षांहून जास्त काळ अमेरिकेच्या संसदेत बसला.

तिथून लायन दक्षिणेत जॉर्जियातल्या ऑल्बनीला गेला. 'स्निक' म्हणजे विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती. तिचे जेम्स फोरमन त्याला भेटले. कॅमेरा पाहून त्यांनी त्याला थेट कामच सांगितलं: कोर्टात जा, आत पाणी पिण्याच्या दोन जागा आहेत, त्यांचा फोटो काढ. तो फोटो मी लायब्ररीतल्या पुस्तकात पाहिला. गोऱ्यांसाठी भलामोठा कूलर, त्याच्या शेजारी काळ्यांसाठी भिंतीला लावलेलं एवढंसं भांडं. वर दोन पाट्या. माणूस एकही नाही. बाबा, पुस्तक मिटून मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. महाडच्या मुलीला तो फोटो कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तळं सर्वांना खुलं, असा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता, तरी ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना १९२७ मध्ये हजारोंना घेऊन चालत जावं लागलं.

लायनला ऑल्बनीत तुरुंगही घडला. गजांतून पाहिलं तर त्याच तुरुंगात मार्टिन ल्यूथर किंग. मग तो स्निकचाच फोटोग्राफर झाला.

१९६३ मध्ये बारा-पंधरा वर्षांच्या डझनावर काळ्या मुलींना निदर्शनांत पकडून जॉर्जियातल्याच लीसबर्ग इथल्या एका कोठडीत कित्येक आठवडे डांबलं होतं. झोपायला उघडी फरशी, शौचालय तुंबलेलं. लायन गाडीत दडून तिथे पोचला आणि गजांतून त्यांचे फोटो घेतले. ते छापून आल्यावर मुली सुटल्या. तो स्वतः गोरा, न्यूयॉर्कच्या ज्यू घरातला. पण त्या मुली कुठे आहेत हे त्याला चळवळीतल्या माणसांनी सांगितलं, गाडी त्यांनीच चालवली. लांब उभ्या असलेल्या फोटोग्राफरला तो पत्ता कुणी दिला असता का?

युद्धाविरुद्ध बोलण्याची किंमत वेगळी होती. ३ जानेवारी १९६६ ला अलाबामातल्या टस्कीगीत सॅमी यंग या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला गोळी घातली. आरमारात नोकरी करून आलेला मुलगा, पेट्रोल पंपावर गोऱ्यांचं शौचालय वापरायला गेला म्हणून! तीन दिवसांनी स्निकने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निवेदन काढलं. त्याला पाठिंबा दिला म्हणून, रीतसर निवडून आलेल्या, स्निकच्याच ज्युलियन बाँडना जॉर्जियाच्या विधानसभेने शपथच घेऊ दिली नाही. शेवटी सुप्रीम कोर्टाने त्यांची जागा त्यांना मिळवून दिली.

आता त्या शनिवारचं. फेडरल प्लाझात लाल पोलादी पक्ष्याचं प्रचंड शिल्प आहे, त्याखाली युद्धविरोधी सभा होती. बोचरा वारा. व्हिएतनामला जाऊन आलेले एक काळे आजोबा फलक धरून उभे होते. फलकावर युद्धाचं नाव लिहिलेला कागद नवा होता, पण कडेने सुटला होता आणि त्याखाली जुन्या युद्धाचा कागद दिसत होता, त्याखाली आणखी एक. मी लगेच कॅमेरा उचलला, तेवढ्यात वाऱ्याने फलक कलला. आजोबांचे हात थरथरत होते. मी कॅमेरा खाली सोडला आणि दांडा धरला. तासभर धरला. मग त्यांनीच विचारलं, फोटो नाही काढायचा? माझ्या हातून आजवर निघालेला तो सर्वांत चांगला फोटो आहे. प्रिंट सोबत पाठवतेय. सावलीचा भाग जरा काळपट आलाय, तुम्ही बघून सांगा.

आणि बाबा, तुम्ही तरी कुठे लांब उभे राहता? २० मार्चला स्टुडिओचं शटर ओढून तळ्यावर जाता. परभणी-नांदेडकडून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसांचे फोटो काढता आणि कुणाकडून एक पैसा घेत नाही. पण त्याआधी पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी पिता, मला कडेवर घेऊन प्यायचात तसंच. मी हे तुमच्याकडूनच शिकले.

यंदा मला तिथला एक फोटो हवाय. गर्दीचा नको, नुसत्या ओंजळीचा. आजी येणार असेल तर तिच्याच हातांचा काढा. तिला सकाळी लवकर न्या, उन्हात उभी ठेवू नका. आईला सांगा, लोणचं पोचलं आणि डबा फुटला नाही.

तुमची,
छकुली