आरशांचे कौतुक पुरे, मिठाच्या टाकीबद्दल बोला

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत वाळवंटातील आरशांच्या वीजकेंद्रावर लेख आला होता. हजारो आरसे, मधोमध मनोरा, त्याच्या टोकाशी डोळे दिपवणारा उजेड; त्या उष्णतेवर वाफ आणि वाफेवर वीज. छायाचित्र देखणेच होते. लेख मात्र मेगावॅटच्या आकड्यावर थांबला आणि ‘ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांनी असे का करू नये’ असे विचारून संपला. या पट्ट्यात बॉयलर आणि थर्मिक फ्लुइड हीटर (तेल तापवून कारखान्याला उष्णता पुरवणारी यंत्रणा) सांभाळणाऱ्यांच्या नजरेतून त्याला हे उत्तर.

नुसत्या मेगावॅटवरून अशा केंद्राचे काहीच कळत नाही. कॅलिफोर्नियातील इव्हानपाह 2014 साली सुरू झाले. तीन मनोरे, सुमारे 1 लाख 73 हजार सूर्यामागे फिरणारे आरसे, क्षमता 392 मेगावॅट. पण उष्णता साठवायची सोयच नाही. मनोऱ्यात थेट पाण्याची वाफ होते, सकाळी यंत्रणा तापवायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो आणि सूर्य मावळला की कारभार आटोपतो. स्पेनमधील हेमासोलार त्याच्यापुढे चिमुकले, 19.9 मेगावॅटचे. पण तिथे 15 तास पुरेल इतकी उष्णता साठते. रात्री नऊला, घरोघरी एसी सुरू असताना, उपयोग कोणाचा? तेव्हा मेगावॅटच्या शेजारी ‘किती तास’ हेही छापावे.

हे तास मिठात असतात: उष्णता साठते ती वितळलेल्या मिठात. भांडुप-मुलुंडच्या मिठागरातले मीठ नव्हे. हे 60 टक्के सोडियम नायट्रेट आणि 40 टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचे मिश्रण. नाशिककडचे द्राक्षबागायतदार ज्याला ‘तेरा शून्य पंचेचाळीस’ म्हणतात, त्या खतातले पोटॅशियम नायट्रेट ते हेच. मनोऱ्याच्या केंद्रात थंड टाकीतले मीठ 290 अंशांवर असते (‘थंड’ हा शब्द इथे सापेक्षच), ते वर जाऊन 565 अंशांना तापते आणि गरम टाकीत उतरते. या 275 अंशांच्या फरकातून एका टन मिठामागे साधारण 45 युनिट वीज निघते. म्हणजे 100 मेगावॅट 10 तास चालवायचे तर 10 लाख युनिट, आणि किमान 22 हजार टन मीठ. टाकीच्या तळाशी कायम राहणारे मीठ वेगळेच.

पन्हाळीसारख्या लांबट आरशांच्या केंद्रात हेच मीठ निम्म्याहूनही कमी काम करते. स्पेनच्या आंदासोल केंद्राच्या एका 50 मेगावॅटच्या संचाला साडेसात तासांसाठी 28,500 टन मीठ लागते. भागाकार केला तर टनाला जेमतेम 13 युनिट. कारण तिथे उष्णता आधी आरशांसमोरच्या नळीतल्या तेलात येते, आणि ते तेल 400 अंशांच्या आसपास फुटू लागते. थर्मिक ऑइल ‘क्रॅक’ होणे म्हणजे काय हे आपल्याकडच्या ऑपरेटरांना सांगायला नको. वाळवंटात त्यात एक जास्तीची कटकट असते. फुटलेल्या तेलातून हायड्रोजन सुटतो, पोलादी नळीतून झिरपतो आणि भोवतीच्या काचेच्या निर्वात पोकळीत शिरतो. पोकळीची उष्णता अडवण्याची ताकद गेली की बाहेरची काच तापू लागते. आरसे लख्ख, तेलही वाहते आहे, तरी उत्पादन का घसरले याचा शोध मग अशा एकेका नळीपाशी जाऊन घ्यावा लागतो.

मिठाचा स्वभाव त्याहून हट्टी. 240 अंशांखाली ते गोठू लागते आणि 220 पर्यंत दगड होते. म्हणून पाइपांना उतार दिलेला असतो, सगळीकडे विजेचे ट्रेसिंग (पाइप गरम ठेवणाऱ्या तारा) असते, आणि रोज संध्याकाळी मनोऱ्यावरच्या नळ्या पूर्ण रिकाम्या करतात. सकाळी मोजकेच आरसे वळवून त्या कोरड्याच तापवायच्या, मगच मीठ सोडायचे. ढग आला म्हणून मिठाचा प्रवाह कमी करायचा नाही. ढग सरताच सगळे ऊन एकदम पडते आणि नळ्या जळतात. ट्रेसिंगची एक वायर तुटली आणि व्हॉल्व्हमध्ये मीठ गोठले, तर मधूनच गॅसकटरची ज्योत लावणे हा शुद्ध गाढवपणा. वितळताना हे मीठ साधारण चार-पाच टक्के फुगते. दोन्ही बाजूंना घट्ट खडा असेल तर त्याला जायला जागाच नसते. मग पाइप तरी फाटतो नाहीतर व्हॉल्व्हची बॉडी तरी. मोकळ्या टोकाकडून गरम करत आत सरकायचे.

आणि खरा घात होतो तो गरम टाकीत. टाकीचा व्यास 40 मीटर धरा. खोलीच्या तापमानापासून 565 अंशांपर्यंत जाताना तिचा स्टेनलेस स्टीलचा तळ 38-40 सेंटिमीटरने पसरतो. पसरायला त्याची हरकत नसते, पण वर वीस-बावीस हजार टन मीठ बसलेले आणि खाली पायाचे घर्षण. त्यात येणारे मीठ सगळीकडे सारख्या तापमानाचे नसेल तर तळाचा एक भाग ताणतो, दुसरा दबतो, पत्र्याला फुगवटा येतो आणि वेल्डिंगला चीर जाते. चीर दिसत नाही. मीठ खालच्या उष्णतारोधक थरात मुरते. दुरुस्तीसाठी टाकी रिकामी करून सावकाश थंड करावी लागते, कारण घाई केली तर जुनी चीर सांधताना नव्या पडतात. अमेरिकेत नेवाडातील 110 मेगावॅटचे क्रेसेंट ड्यून्स 2016 साली टाकीच्या गळतीने सुमारे आठ महिने बंद होते. 2019 मध्ये त्याचा वीजखरेदी करार तुटला आणि पुढच्या वर्षी दिवाळखोरी आली. 2024 मध्ये मोरोक्कोत वारझाझातच्या 150 मेगावॅटच्या मनोरा-केंद्रातही गरम टाकीच गळली. दोन्हीकडे आरशांचा काही दोष नव्हता.

आता आपल्या पट्ट्याचे. छपरावरच्या पॅनेलला ढगाआडून पसरलेला उजेडही चालतो. आरशाला फक्त थेट किरण लागतात. पांढुरक्या आभाळातून येणारा उजेड एका बिंदूवर आणताच येत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाचे, आणि हिवाळ्यात धुरके. जानेवारीत सकाळी नऊला रबाळे स्टेशनबाहेर खांबाची सावली पाहा. ती फिकी असेल तर आरशाच्या वाट्याचा बराच माल हवेतच गळालेला असतो. वरून सागरी दमटपणा आणि ट्रकांची काजळी यांचा चिकट थर. वाळवंटातली कोरडी धूळ रात्री पाण्याच्या फवाऱ्याने जाते, हा थर घासावा लागतो.

राजस्थानातही अंदाज चुकले होते. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मोहिमेत अशा 470 मेगावॅटच्या प्रकल्पांना मंजुरी मिळाली. उपग्रहावरून काढलेले थेट किरणांचे आकडे जमिनीवर मोजल्यावर कमी भरले. नोख, धुरसर आणि आंध्रातील अनंतपूर अशी मोजकीच केंद्रे उभी राहिली. महाराष्ट्रात आरसे चालले ते वेगळ्या कामाला: शिर्डीच्या प्रसादालयात आरशांच्या 73 तबकड्यांवर स्वयंपाकाची वाफ, लातूरच्या डेअरीत एका मोठ्या तबकडीवर दूध पाश्चराइज करायची उष्णता. दोन्ही ठिकाणे समुद्रापासून दूर, आणि दोन्हीकडे विजेचा सोस नाही.

रबाळे-महाप्यातील कारखान्याला वाफेचे बिल कमी करायचे असेल तर आधी उघड्या फ्लँजना (पाइपांच्या जोडांना) लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक आवरण, करा, निकामी स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) बदला, कंडेन्सेट (वाफेचे झालेले गरम पाणी) परत बॉयलरकडे आणा. एवढे करूनही कोणी आरसे विकायला आला, तर त्याच्या पत्रकातला ‘ग्लोबल’ आकडा (थेट आणि पसरलेला उजेड मिळून) बाजूला ठेवून थेट किरणांचा आकडा मागा. तो सूर्यामागे फिरणाऱ्या पायरहेलिओमीटरने (फक्त थेट किरण मोजणाऱ्या उपकरणाने), तुमच्याच छपरावर, पूर्ण वर्षभर मोजलेला हवा. त्या उपकरणाची काच रोज पुसली जात होती का आणि पावसाळ्याचे दिवस गाळून तर सरासरी काढलेली नाही ना, हेही तपासा.

— बॉयलर व प्रोसेस क्षेत्रातील काही अभियंते, ऐरोली, नवी मुंबई